इंग्लंडच्या डोंगराळ भागात ग्रॅव्हल सायकलने फिरायचे आहे : मार्ग कोणता निवडावा?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहतो. जूनच्या अखेरीस आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. त्यातले काही दिवस सायकलसाठी राखून ठेवण्याची परवानगी घरातून मिळाली आहे, त्यामुळे आता प्रश्न उरला आहे तो मार्गाचा. कोल्हापुरात पाऊस धरला की पन्हाळ्यामागचे मसाई पठार आणि गगनबावड्याकडच्या आडवाटा आम्हाला पावसाळा सरेपर्यंत सोडून द्याव्या लागतात. डांबरी रस्ता चालू असतो, पण जांभ्याच्या पठारावर आणि पाणंदीत सायकल घालण्याची सोय राहत नाही. नेमके तेच महिने तिकडे सायकलसाठी उत्तम मानले जातात, हा योग मला सोडायचा नाही.

सायकल ग्रॅव्हल प्रकारची, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी रुंद टायरची आहे. टायर ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस, पुढे पेडलपाशी ४० दात्यांचे एकच चक्र (चेनरिंग) आणि मागे ११ ते ४२ दात्यांच्या चक्रांचा संच (कॅसेट) आहे. सामान लादून दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर कच्च्या वाटेने जाण्याची सवय आहे. साउथ डाउन्स वे, रिजवे आणि पीक डिस्ट्रिक्ट ही नावे वारंवार वाचनात येतात, परंतु एका ॲपमध्ये सरळ जाणारी वाट दुसऱ्या नकाशात सायकलींना बंद दाखवलेली असते, आणि त्यामुळे गोंधळ वाढतच चालला आहे. परक्या मुलखात कोणाच्या शेतात घुसून बोलणी खाण्याची इच्छा नाही. ज्यांनी या वाटा प्रत्यक्ष तुडवल्या आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खडूवाट

मी मूळचा गडहिंग्लजचा असून बरीच वर्षे हॅम्पशायरमध्ये राहतो. आपला भाऊ रेडिंगला आहे ही मोठीच सोय आहे, कारण ग्रॅव्हलसाठी इतके मध्यवर्ती गाव दक्षिण इंग्लंडमध्ये दुसरे सांगता येणार नाही.

सुरुवात रिजवेने करावी. एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत जाणारी ही १३९ किलोमीटरची वाट थेम्स नदीकाठी गोरिंग आणि स्ट्रीटली या जुळ्या गावांपाशी दुभंगते. नदीच्या पश्चिमेचा सुमारे सत्तर किलोमीटरचा भाग सायकलींना खुला आहे. पूर्वेकडच्या भागात मात्र बराच पल्ला केवळ पादचाऱ्यांचा आहे, त्यामुळे तिकडे वळू नये. रेडिंगहून गोरिंगला लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते आणि स्टेशनबाहेर पडून पूल ओलांडला की थोड्याच वेळात चढण लागते. एकदा माथा गाठला की वाट रुंद, पांढरी आणि मोकळी आहे. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते आणि वर चंडोल. गोरिंगपासून चाळीसेक किलोमीटरवर अफिंग्टनचा पांढरा घोडा लागतो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी टेकडीच्या उतारावर चर खणून त्यात खडू, म्हणजे इथल्या टेकड्यांचा मऊ पांढरा दगड, ठोकून बसवलेली ही ११० मीटर लांबीची आकृती आहे. जवळ उभे राहिल्यावर तिचा घोडा दिसत नाही, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. तरीही तिथे थांबावेच.

दुसरा पर्याय किंग आल्फ्रेड्स वे हा आहे. ‘सायकलिंग यूके’ या संस्थेने २०२० मध्ये आखलेला हा ३५० किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग विंचेस्टरहून निघून सॉल्सबरी, स्टोनहेंज, एव्हबरी, रेडिंग आणि फार्नम करत पुन्हा विंचेस्टरला येतो. तो भावाच्या गावातूनच जात असल्यामुळे सबंध न करता त्याचे तुकडे करता येतील. सॉल्सबरी प्लेनचा परिसर लष्कराचा आहे. तिथे तांबडे निशाण फडकत असेल तर गोळीबाराचा सराव चालू आहे असे समजून ठरलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये.

परंतु माझे मत विचाराल तर आपण साउथ डाउन्स वे करावा. विंचेस्टर ते ईस्टबोर्न हे १६० किलोमीटर सलगपणे सायकलींना आणि घोड्यांना खुले आहेत, आणि अशी लांब वाट या देशात विरळा. उंचीचे आकडे पाहून मात्र फसू नये. बट्सर हिल हा या वाटेवरचा सर्वांत उंच माथा २७० मीटरचा, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजले तर कोल्हापूरच्या बिंदू चौकाच्या निम्म्यावर. तरीही शेवटापर्यंत एकूण चढण चार हजार मीटरच्या आसपास भरते. याचे कारण नद्यांत आहे. अरुन, ॲडर, ऊझ आणि ककमेअर या नद्यांनी खडूची ही रांग आडवी कापलेली असल्याने वाट प्रत्येक खोऱ्यात जवळजवळ समुद्रपातळीपर्यंत उतरते आणि लगेच पुन्हा दीडदोनशे मीटर चढते. पन्हाळ्याचा चढ एकदा लयीत आलो की संपेपर्यंत तीच लय टिकते. इथे लय सापडते न सापडते तोच उतार लागतो, आणि उतरताना जे मिळाले ते पलीकडच्या काठावर व्याजासह परत करावे लागते. आपल्या ४० च्या चेनरिंगऐवजी ३६ ची बसवून घ्यावी असे मी आग्रहाने सुचवेन, कारण चढ लांब नसले तरी अंगावर येणारे आहेत, आणि सुट्या खड्यांवर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागीच फिरते.

खडूविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोरडा असताना तो डांबरासारखा धावतो. पाऊस पडून गेला की तीच वाट म्हणजे साबण सांडलेली मोरी होते. शिवाय खडूत गारगोट्या असतात. फुटलेल्या गारगोटीची कड काचेसारखी असते आणि पावसाने ती धुऊन वर येते. टायरच्या बगला जाड असलेले पाहून घ्यावेत, छिद्र आतून बुजवणारे सीलंट ताजे भरावे आणि टायर चिरलाच तर आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा जवळ ठेवावा.

पाणंद

मी कोल्हापुरात वकिली करतो आणि सायकलही चालवतो, म्हणून वाट खुली की बंद या मुद्द्यावर थोडे लिहितो.

इंग्लंडमध्ये खाजगी शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचे ठरावीक दर्जे आहेत आणि प्रत्येक दर्जाला वेगळ्या रंगाचा बाण आहे. पिवळा बाण फुटपाथचा, म्हणजे केवळ चालणाऱ्यांचा. निळा बाण ब्रायडलवेचा, म्हणजे चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार या तिघांचा. गडद जांभळा बाण असेल तिथे या तिघांबरोबर घोडागाड्याही जाऊ शकतात. आणि तांबडा बाण असलेली वाट मोटारींसह सर्वांना मोकळी असते. सायकलस्वाराने पिवळा सोडून बाकीचे तीन रंग लक्षात ठेवले की पुरे. शेतातल्या अशा फुटपाथवर सायकल घातल्यास सर्वसाधारणपणे तो फौजदारी गुन्हा ठरत नाही, जमीनमालकाच्या हक्कात केलेली ढवळाढवळ ठरते. काही ठिकाणी स्थानिक नियमांनी दंडाचीही तरतूद असते. आपण पाहुणे म्हणून जाणार, तेव्हा हा बारकावा अजमावून न पाहिलेला बरा. डोंगराळ माळरानावर ‘मुक्त प्रवेश’ असे लिहिलेले दिसले तरी २००० सालच्या कायद्याने दिलेला तो हक्क पायी फिरण्याचा आहे. स्कॉटलंडमधले नियम याहून पुष्कळ उदार आहेत, आणि तिथल्या हकिकती वाचून लोक इंग्लंडविषयी चुकीचे अंदाज बांधतात.

ब्रायडलवेवर सायकलींना हक्क मिळाला तो १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टच्या कलम ३० ने. हे कलम पुरते वाचण्यासारखे आहे. सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट दिली पाहिजे, ही अट तर त्यात आहेच. पण सायकलींसाठी ती वाट सोयीची करून देण्याचे कोणतेही बंधन प्रशासनावर येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे निळा बाण आपल्याला जाऊ देतो एवढेच. पुढे वाट घोड्यांच्या टापांनी चाळण झालेली असो किंवा गुडघाभर खाजकुयलीसारख्या नेटल गवताने भरलेली असो, तक्रार चालत नाही. धागाकर्त्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो असे मला वाटते. ॲप बहुधा इतरांनी वापरलेली वाट दाखवते. ती कायद्याने खुली आहे का आणि सायकलला झेपणारी आहे का, हे दोन्ही प्रश्न त्यात निराळे काढलेले नसतात.

पहिल्या प्रश्नासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर मालिकेतला १:२५,००० प्रमाणाचा नकाशा पाहावा. त्यावर आखूड हिरव्या रेघांची ओळ म्हणजे फुटपाथ आणि लांब हिरव्या रेघांची ओळ म्हणजे ब्रायडलवे. आपल्या गाव नकाशावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, त्यामुळे ज्यांनी तहसील कार्यालयात वाटेच्या तंट्यासाठी खेटे घातले आहेत त्यांना हा नकाशा परका वाटणार नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे पाणंद उसाच्या सरीत गडप झाली तर मामलेदार कोर्ट ॲक्टखाली दावा लावून ती मोकळी करून घेण्यात हंगाम जातो, आणि तिकडे त्या हिरव्या रेघेला अधिकृत दस्तऐवजाचा पाठिंबा असल्यामुळे शेतकरी पीक पेरतानाही सहसा वाट सोडून पेरतो.

फाटकांविषयीही सांगतो. ब्रायडलवेवरच्या बऱ्याच फाटकांना घोड्यावरून न उतरता उघडता यावे म्हणून उंच दांड्याची कडी असते. तो दांडा मागे ओढला की फाटक उघडते, पण ते आपोआप मिटणारे असल्यामुळे सायकल अर्धी आत गेली असताना मागच्या चाकावर येऊन आदळते. प्रथम पाठीने फाटक अडवावे आणि मग सायकल पुढे घ्यावी. बंद असलेले फाटक बंद करूनच पुढे जायचे, हा तिथला अलिखित पण कडक शिरस्ता आहे.

डर्बीशायरकर

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. दादा, तुम्ही डोंगराळ इंग्लंड म्हणता आहात, आणि खडूवाट यांनी तुम्हाला दक्षिणेच्या टेकड्यांत अडकवून ठेवले आहे. साउथ डाउन्स सुरेख आहे, पण तिथे दिवसभर तोच पांढरा रंग आणि तोच समुद्र उजव्या हाताला. पीक डिस्ट्रिक्टमध्ये एका दिवसात दोन निराळे मुलूख पाहता येतात. माझे माहेर इचलकरंजीचे. आता मी शेफील्डजवळ राहते आणि सुट्टीच्या दिवशी याच वाटांवर असते.

१९५१ मध्ये स्थापन झालेले पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. त्याच्या दक्षिणेकडील भागात चुनखडी आहे आणि त्याला व्हाइट पीक म्हणतात. उत्तरेकडे ग्रिटस्टोन नावाचा काळसर, खरबरीत वालुकाश्म आहे आणि तो डार्क पीक. ग्रॅव्हल सायकलसाठी व्हाइट पीक हेच खरे क्षेत्र आहे, कारण तिथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या वाटा केलेल्या आहेत. टिसिंग्टन ट्रेल २१ किलोमीटरची आणि हाय पीक ट्रेल २७ किलोमीटरची असून ‘पार्सली हे’ नावाच्या ठिकाणी त्या एकमेकींना मिळतात. मॉन्सल ट्रेल १४ किलोमीटरचीच आहे, पण तिच्यावरचे बोगदे २०११ मध्ये दिवे लावून पुन्हा खुले केल्यापासून ती सर्वांत लोकप्रिय झाली आहे. रविवारी दुपारी तिथे लहान मुले, कुत्री आणि बाबागाड्या यांची जत्रा असते, म्हणून सकाळी लवकर जावे.

रेल्वेमार्ग म्हणजे सपाट असणार असे वाटेल, पण हाय पीक ट्रेल त्याला अपवाद आहे. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे १८३१ मध्ये पूर्ण झाली तेव्हा इंजिनांना असले चढ ओढवत नसत. म्हणून मार्ग सपाट पट्ट्यांत विभागला आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या तीव्र चढावर जागच्या जागी बसवलेल्या वाफेच्या यंत्राने साखळदंड लावून वाघिणी वर ओढून घेतल्या. मिडलटन टॉप येथे ती यंत्रशाळा आजही उभी आहे. क्रॉमफर्ड स्टेशनवर उतरून या वाटेला लागले की पाय गरम होण्याआधीच साधारण आठास एक असा चढ समोर येतो. जिथे वाघिणी साखळदंडाने ओढाव्या लागल्या तिथे माणसाने सामानासकट पेडल मारत जायचे आहे, हे ध्यानात ठेवून निघावे! वर पोहोचल्यावर मात्र दगडी कुंपणांच्या चौकटीतली हिरवी कुरणे आणि चाकाखाली करकरणारी चुनखडीची बारीक कच एवढेच काय ते सोबतीला असते. पाऊस झाला तरी ही कच पाणी शोषून घेते आणि वाट बिघडत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत दोन वेढ्यांत चाक चिखलाने भरून फोर्कमध्ये अडकते, खडूवर ते निसटते. इथे यांपैकी काहीच होत नाही, आणि इंग्लंडच्या भरवशाच्या नसलेल्या हवेत मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

डार्क पीकमध्ये जपून जावे. जेकब्स लॅडर आणि कट गेट हे ब्रायडलवे आहेत, निळे बाण आहेत, आणि तरीही तिथे खडकांच्या पायऱ्यांवरून ग्रॅव्हल सायकल खांद्यावर घेण्याची वेळ येते. त्या वाटा सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकच्या आहेत. पाणंद यांनी जे लिहिले आहे त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. त्याऐवजी बॅमफर्ड स्टेशनवर उतरून लेडीबॉवर, डरवेंट आणि हाउडन या तीन जलाशयांच्या काठाने वर जावे. पूर्वेकडची वाट कच्ची पण पक्क्या बांधणीची आहे. हाउडन आणि डरवेंट ही दगडी धरणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बांधली गेली, म्हणजे शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले तो साधारण तोच काळ. तलाव भरला की डरवेंटच्या भिंतीच्या सबंध रुंदीवरून पाणी कोसळते. जुलैमध्ये ते दिसेलच असे नाही.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाणांचे रंग आणि नकाशावरच्या रेघा समजल्यामुळे निम्मा गोंधळ मिटला. आता विचार असा आहे, की पहिल्या आठवड्यात गोरिंगहून रिजवे, नंतर साउथ डाउन्स वे तीन दिवसांत, आणि शेवटी जमले तर डर्बीशायरचे दोन दिवस. डर्बीशायरकर ताई, तुमचा राग नसावा. रेडिंगहून अंतर पाहता तो क्रम शेवटी ठेवणे भाग आहे. दोन शंका उरतात. सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? आणि खाण्याचे काय, कारण आम्ही दोघेही शाकाहारी आहोत.

मिरज_जंक्शन

सलग आठ-दहा दिवस चालवणार असाल तर स्वतःची सायकल न्यावी, दोन-तीन दिवसच असतील तर भाड्याने घ्यावी. नेणार असाल तर विमान कंपनीची खोक्याच्या लांबी-रुंदीची मर्यादा तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावी. फोनवर एक सांगतात आणि मुंबईच्या काउंटरवर दुसरे निघते, असा मला अनुभव आला आहे. हवा भरण्याची गॅसची नळकांडी नेऊ नयेत, हातपंप न्यावा. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फ्रेमच्या आत फडक्यात बांधावा. भाड्याने घेणार असाल तर निदान आपले पेडल आणि सीट न्यावी. पुढचा ब्रेक तिथेही उजव्या हाताला असतो आणि वाहने डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे सवय मोडावी लागत नाही.

रेल्वेत लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते, लोकल गाड्यांत बहुधा लागत नाही. लंडनकडे जाणाऱ्या गाड्यांत सकाळच्या गर्दीच्या वेळी न दुमडणारी सायकल चढवू देत नाहीत.

खाण्याचे हाल होत नाहीत, वेळेचे होतात. खेड्यातल्या पबचे स्वयंपाकघर दुपारी जेवणानंतर बंद होते ते थेट संध्याकाळी उघडते, आणि त्या मधल्या वेळेत पोहोचलात तर बटाट्याच्या वेफर्सवर भागवावे लागते. भडंग आणि शेंगदाण्याची चिक्की भरपूर न्यावी. पेढे, बर्फी, तूप मात्र नको. भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे आणि ते विमानतळावर काढून घेतात.

खडूवाट

आपला क्रम योग्य आहे. रिजवेच्या दिवशी पांढरा घोडा पाहून झाला की त्याच वाटेने परत न येता खाली उतरावे आणि लहान रस्त्यांनी डिडकॉट स्टेशन गाठावे. तिथून रेडिंगची गाडी मिळते.

साउथ डाउन्स वेचे तीन दिवस असे बसवता येतील. पहिल्या दिवशी विंचेस्टरहून निघून बट्सर हिल ओलांडून साउथ हार्टिंगच्या आसपास मुक्काम करावा. हे चाळीसच किलोमीटर होतात, पण सकाळ प्रवासात जाणार असल्याने तेवढे पुरेत. पायांनी नकार दिलाच तर जवळ पीटर्सफील्ड स्टेशन आहे. दुसऱ्या दिवशी अँबर्लीला अरुन नदी ओलांडून ट्रुली हिलपर्यंत जावे. तिथे ऐन वाटेवरच यूथ हॉस्टेल आहे. तिसऱ्या दिवशी डिचलिंग बीकनवरून साउथईझ आणि आल्फ्रिस्टन करत ईस्टबोर्न. आल्फ्रिस्टनला वाट दुभंगते तेव्हा लक्ष द्यावे. समुद्राकडच्या पांढऱ्या कड्यांवरून जाणारी शाखा केवळ पादचाऱ्यांची आहे. सायकलींची शाखा आतल्या बाजूने जेव्हिंग्टन गावावरून जाते. कडे पाहायचे असतील तर ईस्टबोर्नला सायकल ठेवून संध्याकाळी पायी जावे. त्या दिवसांत रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असतो.

वाटेत ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पण दोन नळांमध्ये माथ्यावर सावली नसते, म्हणून दोन बाटल्या भरलेल्या असाव्यात. उंच गवतात बसलात तर संध्याकाळी पायांवर गोचीड नाही ना हे पाहावे, कारण तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. वासरे सोबत असलेल्या गाईंच्या कळपातून सायकल घालू नये, लांबून वळसा घ्यावा. घोडेस्वार दिसला तर मागून घंटी वाजवण्यापेक्षा तोंडाने आवाज द्यावा, घोडा बिचकत नाही. आणि ओल्या खडूतून आलात तर चेन आणि ब्रेक त्याच संध्याकाळी पाण्याने धुवावेत. रात्रभर राहिला तर तो चुन्यासारखा धरतो आणि सकाळी खरवडावा लागतो.

ट्रुली हिलची जागा मात्र आजच पाहावी, जुलैतले शनिवार लवकर भरतात. तारखा पक्क्या झाल्या की इथेच कळवा. विंचेस्टरहून अँबर्लीपर्यंत मी सोबत येईन.